गच्ची, सहा वाजून बारा मिनिटं

आमच्या दारांना नवी कुलपं बसवायला आलेल्या देवेशला त्या कामातून काय मिळणार होतं, ते आधी मांडते. एका कागदावर दोन सह्या, एक आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची आणि एक खजिनदार म्हणून माझी: ‘चारही दारांचं काम पूर्ण, तक्रार नाही.’ तो कागद कंपनीत पोचला की सहा महिन्यांची उमेदवारी संपून त्याची नोकरी पक्की. पक्की नोकरी म्हणजे आईच्या दोन्ही गुडघ्यांना मेडिक्लेम आणि शिडी उचलायला हाताखाली एक माणूस. हे त्याने मला अर्ध्या कप चहात सांगून टाकलं. चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढल्यामुळे असेल, लोक मला न विचारता सांगतात.

सेक्रेटरी श्यामसुंदर यांना मिळणार होता फोटो. घाटकोपरच्या पंतनगरात आमची चार मजल्यांची इमारत पाडून अठरा मजल्यांची झाली, त्यात बिल्डरने सगळं श्रेय नेलं. सेक्रेटरींच्या वाट्याला गळके नळ आणि लोकांच्या शिव्या आल्या. तेव्हा ‘क्लाउडवर चालणारी दारं’ ही त्यांची स्वतःची कमाई होती. मुख्य दार, पार्किंग, ऑफिस आणि गच्ची. प्रत्येक दाराजवळ भिंतीत एक पांढरा डबा, त्याला कंट्रोलर म्हणायचं. दाराला चुंबकाचं कुलूप. आपण निळी चकती लावायची, डबा क्लाउडवरून उतरवलेल्या यादीत बघणार, हा कोण आणि याला या वेळेला सोडायचं का, आणि मग कुलूप सुटणार. बाहेर पडताना मात्र चकती लागत नाही, बटण दाबलं की झालं.

बुधवारी सकाळी नऊ पाचचा मुहूर्त होता. साडेआठपर्यंत चारपैकी दोनच डबे क्लाउडला सापडले होते. देवेश जमिनीवर मांडी घालून लॅपटॉपवर दारांची नावं, माणसांची नावं, वेळा भरत होता. गच्चीची वेळ सकाळी सहा ते आठ, फक्त चालायला जाणाऱ्यांसाठी. एरवी बंद, कारण पाण्याच्या टाक्या चढवायला बिल्डरने पूर्वेच्या कठड्यात आठ फुटांची फट ठेवली होती आणि ती बुजवायला त्याला अजून सवड झाली नव्हती. तिथे एक नायलॉनची दोरी बांधलेली होती.

“मॅडम, हे एक पान राहिलंय,” देवेश म्हणाला. “इमारत कुठल्या गावच्या घड्याळावर चालते ते विचारतंय. गावांची यादी उघडत नाहीये, नेट अडकतंय.”

दाराशी गुरुजी चपला घालत होते. त्यांना चेंबूरला वास्तुशांत गाठायची होती.

“अरे, आपण काय परदेशात आहोत का? ते नंतर कर,” मी म्हटलं. “गुरुजी निघाले बघ.”

त्याने ‘नंतर’ दाबलं. नारळ फुटला, फोटो निघाला. ते पान तो विसरला आणि मी त्याच्याआधी विसरले.

जयाचं बोलणंही मी असंच मोडीत काढलं होतं. जया आमच्या नवव्या मजल्यावर राहते, चेंबूरच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये दुपारी एकपासून कामाला असते. तिचे सासरे नाना एक्याऐंशी वर्षांचे. ट्रॉम्बेच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पाळ्या केल्या, पण आता त्यांना दुपार कुठली आणि वर्ष कुठलं याचा पत्ता नसतो. जयाने त्यांच्या गळ्यात फोन नंबराची पट्टी आणि चकती घातली होती. ती मला म्हणाली होती, “ताई, नानांच्या चकतीला गच्ची देऊ नका हं.” मी म्हटलं, “अगं, एका माणसासाठी वेगळी यादी कुठे करायला लावतेस त्याला? गच्ची आठला बंदच होणार. तोपर्यंत ते झोपलेले असतात ना?”

झोपलेले असतात, ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी सहा वाजता धोंडूंचा फोन. धोंडू मालवणचे, गिरणीतून निवृत्त होऊनही त्यांचा भोंगा बंद झालेला नाही.

“पद्मजा गो, आमी आठ जणां अठराव्या माळ्यार उभी. दार उघडना नाय. चकती घासून घासून झिजली.”

“जिन्यातच चाला आज.”

“जिन्यात चालूक तुझो सेक्रेटरी येवंदे आदी.”

मी देवेशला फोन केला. मानखुर्दहून तो अकराला पोचला. आम्ही वर गेलो. त्याची चकती लावली, माझी लावली, लाल दिवा. त्याने मीटर लावून वायरी तपासल्या. “वायरिंग झकास आहे मॅडम. सेटिंगमध्ये काहीतरी असणार.” साडेअकराच्या आधीच आम्ही खाली ऑफिसात आलो. तिथे सेक्रेटरी कागद घेऊन बसलेले.

“सही घे आणि सुट,” ते म्हणाले. “गच्चीचं उद्या बघ. म्हाताऱ्यांना एक दिवस न चालल्याने काय होतं?”

देवेशने कागदाकडे पाहिलं, मग लॅपटॉप उघडला. कागद हवा होता, पण तो मुळात प्रामाणिक, त्यामुळे अडचणीत येणारा मुलगा होता.

पावणेबारा वाजून गेले होते. जया ओल्या केसांनी आत आली. पायात चपला नव्हत्या.

“ताई, नाना खाली आलेत का? मी आंघोळीला गेले होते. दहा मिनिटं. दार सताड उघडं.”

वॉचमन मागे टँकर लावून घेत होता, त्याने कुणाला पाहिलं नव्हतं. सेक्रेटरी उठले. अशा वेळी त्यांचा आवाज जड होतो. “घाबरू नका वहिनी, आता आपल्याकडे सिस्टीम आहे. देवेश, नानांची चकती कुठे लागली बघ.”

देवेशने नाव टाकलं. एकच ओळ आली. गच्ची, सहा वाजून बारा मिनिटं, प्रवेश दिला.

“बघा,” सेक्रेटरी म्हणाले. “पहाटे गच्चीवर गेले, चालून खाली आले आणि आता बटण दाबून रस्त्यावर. हायवेला गेले असणार, कंपनीची बस तिथेच यायची ना त्यांची?”

“पहाटे ते झोपले होते,” जया म्हणाली. “आठला मीच उठवलं, चहा दिला.”

“परत येऊन झोपले असतील. तुमचा डोळा लागला असेल वहिनी. इथे लिहिलंय ना.”

जयाने स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. सासऱ्यांना सांभाळणाऱ्या बाईला असं कुणी म्हटलं की ती आधी स्वतःलाच तपासायला लागते. “रात्री दोनदा उठले होते मी,” ती पुटपुटली. “म्हणजे... लागला असेल डोळा.” आणि ती तशीच अनवाणी हायवेकडे पळाली. तिच्यामागे वॉचमन. सेक्रेटरींनी ग्रुपवर मेसेज टाकायला घेतला.

मीही मनात हायवेच बघत होते. दुपारचे ट्रक, त्यांच्यात पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा. पोलीस, धम्मपालला फोन, म्हणजे जयाच्या नवऱ्याला. काय आधी करायचं ते सुचेना.

देवेश मात्र जागचा हलला नव्हता.

“मॅडम, सहा वाजता दार कुणालाच उघडलं नाही ना?”

“नाही. म्हणून तर तुला बोलावलं.”

“मग सहा बाराला नानांना कसं उघडलं?”

तेवढ्यात मुख्य दाराशी कुणीतरी चकती लावली. दुसऱ्या मजल्यावरची गंधाली भाजीची पिशवी घेऊन आत आली. लॅपटॉपवर नवी ओळ उमटली: मुख्य दार, सहा वाजून तेवीस मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला सात मिनिटं होती.

देवेशनेही घड्याळ पाहिलं आणि बोटांवर तास मोजले. मलाही कळलं. साडेपाच तास. ते पान आम्ही ‘नंतर’वर टाकलं होतं आणि गाव न सांगितल्यामुळे आमची इमारत कालपासून ग्रीनिचच्या घड्याळावर चालत होती. तिचे सकाळचे सहा म्हणजे आमचे साडेअकरा. गच्ची आम्ही खाली आल्यावर उघडली होती आणि दीडपर्यंत उघडी राहणार होती. आणि सहा बारा म्हणजे अकरा मिनिटांपूर्वी.

सेक्रेटरींच्या हातात अजून तो कागद होता. देवेशची नजर त्यावर गेली आणि तिथेच राहिली. हे तोंडातून काढलं की तो कागद गेला, हे त्याला कळत होतं. मला हेही कळत होतं की ‘नंतर कर’ कोण म्हणालं ते फक्त त्याला आणि मला ठाऊक आहे. चार-पाच सेकंद असतील. तो गप्प होता आणि मीही. मी त्याच्या गप्प राहण्याची वाट पाहत होते, असं मी आज लिहिते आहे.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “नाना आत्ता गच्चीवर आहेत.”

आम्ही लिफ्टकडे पळालो. लिफ्टमध्ये त्याच्या फोनचं नेट गेलं. “क्लाउडवरून कुलूप लावता येत नाही का?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच कळलं की नाना तर आधीच कुलपापलीकडे आहेत. सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबली. श्वेता धुण्याची बादली घेऊन उभी. “वर की खाली?” देवेश दार बंद करायचं बटण दाबत राहिला. तिने आमची तोंडं पाहिली आणि बादली घेऊन मागे सरकली. पुढच्या अकरा मजल्यांत मी आकडे मोजले नाहीत. जन्मात पहिल्यांदा असेल.

गच्चीचं दार नुसत्या चकतीच्या स्पर्शाने उघडलं. उन्हासाठी लावलेला पांढरा रंग एकदम डोळ्यांत घुसला. काही दिसेना. मग दिसलं.

नाना पूर्वेच्या फटीत उभे होते. दोन्ही पावलांचे चवडे काठाबाहेर. एका हाताने त्यांनी नायलॉनची दोरी वर धरली होती, बसमध्ये उभं राहणारा माणूस कडी धरतो तशी. दोरीची एक गाठ सरकत आली होती, दोरी पोटासारखी लोंबत होती. पलीकडे ट्रॉम्बेच्या टेकडीपर्यंत सगळं मोकळं.

मी तोंडावर हात दाबला. हाक मारली तर ते वळतील, आणि वळले तर पाय कुठे पडेल?

देवेशने बूट काढले. पायांना चटके बसत असणार. आठ-दहा पावलांवर जाऊन तो थांबला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, “सेकंड शिफ्ट का?”

नानांनी मान वळवली नाही. “बस आली नाय अजून. रोज पावणेबाराला असते.”

“आज उशीर आहे म्हणतात.”

“तू नवीन आहेस?”

“हो. सहा महिनेच झाले.”

“पर्मनंट केलं का?”

“अजून नाही.”

“करतील,” नाना म्हणाले. “गप काम करायचं. सायबाच्या पुढे पुढे करू नको.” दोरी थोडी हलली.

“नाना, तुम्ही पंच केलं?”

आता त्यांनी मान वळवली. कपाळाला आठ्या पडल्या. छातीवरची चकती चाचपली. “पंच?”

“पंच न करता बस पकडली तर खाडा लागेल ना. मशीन इथे आहे, दाराजवळ.”

“खाडा नको,” ते म्हणाले. “माझा एक खाडा नाय.” आणि त्यांनी दोरी सोडली.

ते एक पाऊल उचलेपर्यंत मी काय केलं मला आठवत नाही. पाऊल आत पडलं. दुसरंही. देवेशने त्यांना धरलं नाही. फक्त शेजारून चालत दारापर्यंत आणलं. नानांनी उघड्या दारातून आतल्या डब्याला चकती लावली, हिरवा दिवा लागला, ते समाधानाने आत गेले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. मग देवेशने दार लावून घेतलं आणि तो भिंतीला टेकला. जयाला फोन मी केला. तिकडून नुसता ट्रकचा आवाज आला.

आता कुणाला हे कितीला पडलं ते. सेक्रेटरींना काही पडलं नाही. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘आपल्या नव्या यंत्रणेमुळे ज्येष्ठ सभासद वेळेत सापडले’, आणि चौसष्ट अंगठे घेतले. देवेशने साडेबाराला घड्याळ मुंबईवर आणलं. ती दुरुस्ती कंपनीला दिसली आणि त्यांनी विचारल्यावर त्याने खरं सांगितलं. त्याची उमेदवारी आणखी सहा महिने वाढली. आईचे गुडघे तोवर थांबतील. ‘नंतर कर’ कोण म्हणालं ते त्याने लिहिलं नाही, मीही कळवलं नाही. म्हणजे माझ्याकडून काहीच गेलं नाही, आणि ते मला रोज सकाळी आठवतं. गच्ची सगळ्यांनाच बंद झाली. धोंडू आता आठ जणांना घेऊन पार्किंगमध्ये गोल फिरतात आणि माझ्या गाडीपाशी आले की मुद्दाम खाकरतात.

जयाने महिनाअखेर पॉलिक्लिनिक सोडलं. तिची मुलगी मनाली कॉलेजातून घरी आल्यावरच ती आंघोळीला जाते. तिने कुणालाही दोष दिला नाही. डोळा लागला नव्हता ना ताई, एवढंच तिने मला दोनदा विचारलं.

आणि नाना. कमिटीने ठराव केला की त्यांच्या सुरक्षेसाठी त्यांची चकती सगळ्याच दारांवरून काढावी. खजिनदार म्हणून खाली माझी सही आहे. ती चकती त्यांच्या गळ्यात अजून असते. जयाबरोबर बाहेरून आले की ते ती मुख्य दाराशी लावतात, लाल दिवा लागतो, ते पुन्हा लावतात. यादीत दोनशे एकोणीस नावं होती. आता दोनशे अठरा आहेत.