ताडपत्रीवरचा तलाव

खापरदऱ्यात टँकर येईनासा झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, डिझेल संपलं असेल नाहीतर ड्रायव्हर लग्नाला गेला असेल. मग एका दुपारी भीमनगरातली भिवराबाई काखेत रिकामा हंडा घेऊन वत्सलाबाईच्या दारात आली आणि धापा टाकत म्हणाली, "आक्का, टँकर येतोय. पर गावात न्हाई. आपलं पानी तिकडं तळ्यात वततेत."

वत्सलाबाईला वाटलं, उन्हानं बाईचं डोकं फिरलं. मे महिन्यात, माणसाच्या घशाला कोरड पडलेली असताना, तळ्यात पाणी कोण ओततं? पण दोघी माळ चढून तलावाच्या भरावावर जाऊन उभ्या राहिल्या आणि बघितलं तर खरंच. दोन टँकर पाईप सोडून उभे होते. तळाला काळी ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर गावाचं प्यायचं पाणी साचत होतं. ताडपत्रीच्या कडा दिसू नयेत म्हणून चार माणसं घमेल्यानं माती टाकत होती. दूध संघाचे चेअरमन मोहनराव छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते, आणि सल्लागार कंपनीचा साहेब गॉगल लावून त्या डबक्याचे फोटो काढत होता.

आता या तलावाची कुळकथा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण ऐकणाऱ्याला हे खरंच वाटायचं नाही. तलाव दोन वर्षांमागं बांधला तो मोहनरावांच्याच मजूर सहकारी संस्थेनं. त्या संस्थेत मजूर औषधालाही नव्हता. सगळे मोहनरावांचे भाचे आणि पुतणे, ज्यांनी जन्मात कुदळ धरली नाही. भरावाच्या पोटात काळी माती दाबून घालायची असते, तर पाणी थांबतं. यांनी तळापासून नुसता पाझरणारा मुरूम लोटला आणि वरून काळ्या मातीचा हात फिरवला. पाऊस पडला की तलाव भरायचा आणि आठवड्यात खालच्या ओढ्यानं निघून जायचा. या कामावर नजर ठेवायला सरकारनं पुण्याची सल्लागार कंपनी नेमली होती. कंपनीनं पुण्यातूनच नजर ठेवली. काम उत्तम झालं म्हणून लिहून दिलं, दर महिन्याला येऊन गेल्याचे पैसे उचलले, आणि गावातल्या कुत्र्यानंही त्यांची गाडी कधी पाहिली नाही.

वत्सलाबाई गावातल्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष. पाण्यावाचून चारा नाही आणि चाऱ्यावाचून दूध नाही, एवढा साधा हिशेब तिच्या संस्थेचा होता. म्हणून थंडीत सरकारी लेखापरीक्षक मुंजाजी गर्जे तलावाच्या तपासणीला आले, तेव्हा तिनं त्यांना हाताला धरल्यासारखं कोरड्या तळ्यात नेलं, काठीनं भराव उकरून मुरूम दाखवला, आणि सल्लागाराचं तोंड आम्ही बघितलं नाही असं लिहून बाकी बायांच्या अंगठ्यांशेजारी सहीसुद्धा केली. गर्जे माणूस बरा. त्यांनी कडक आक्षेप लिहिला. तो आक्षेप वर चढत चढत थेट मुंबईला गेला, आणि सरकारी खर्चाची झाडाझडती घेणारी विधानमंडळाची एक समिती तलाव डोळ्यांनी बघायला येणार असं ठरलं. गर्जे तिला म्हणाले होते, "समितीनं आक्षेप कायम ठेवला की मोहनरावांना स्वतःच्या खर्चानं भराव उकरून परत घालावा लागेल. पावसाच्या आधी." त्या दिवसापासून वत्सलाबाई बायांना एकच सांगत होती: जनावरं विकू नका, एवढा उन्हाळा काढा, समिती येतीय.

आणि आता समिती परवावर आली होती, आणि हे डबकं भरत होतं.

मोहनरावांनी तिला भरावावर बघितलं आणि लाजायचं सोडून हाक मारली. "या, या, वत्सलाबाई! बरं झालं आलात. परवा सायबलोक येणार हाईत. तुमच्या संस्थेच्या बाया आणा, चांगली लुगडी नेसून. पाण्याची ओटी भरायची हाय."

"अण्णा, हे आमचं प्यायचं पानी हाय."

"दोन दिवस कळ काढा की. पाहुणे गेले की टँकर सुरू."

"आन् ताडपत्री कावून घातली?"

मोहनराव हसले. त्यांच्या हसण्यात संकोचाचा लवलेश नव्हता, त्याचीच तिला शिसारी आली. "मुरूम हाय न्हवं खाली," ते म्हणाले, जणू तो मुरूम देवानं घातला होता. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमचं दूध माझ्या संघात येतं. तेवढं ध्यानात ठेवा. मी कुणाला वाईट बोलत न्हाई."

वत्सलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती माघारी वळली. वाटेत भिवराबाईला म्हणाली, "बाया आणायच्या म्हनतोय ना? आणू. समद्या आणू. फकस्त ओटीचं सामान घ्यायचं न्हाई, हंडे घ्यायचे. सायबाच्या म्होरं आपलं पानी आपून उचलायचं, आन् ताडपत्री वर वढून दावायची. डोळे असतील तर दिसंल त्येला."

समिती सकाळी नऊला येणार होती, ती जेवण वगैरे आटपून दुपार कलल्यावर आली. पाहुण्यांना मांजरसुंब्याला मटणाचं जेवण होतं असं मागून कळलं. तसं ते सांगायची गरज नव्हती, गाडीतून उतरताना एकेकाचा ढेकर भरावावर ऐकू येत होता. पंधरा-सोळा गाड्या होत्या. एकाही ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नाही, कारण साहेबांना परत बसताना गाडी गार पाहिजे होती. अर्धी प्यालेली पाण्याची बाटली एकानं काचेतून बाहेर टाकली. दूध संस्थेतल्या छबुबाईनं ती पळत जाऊन उचलली आणि नातवासाठी पदरात बांधली. हे समितीतल्या दोघांनी बघितलं आणि ते दुसरीकडं बघू लागले.

समितीचे अध्यक्षसाहेब बडीशेप चघळत भरावावर आले. डबक्याकडं बघून म्हणाले, "पाणी तर आहे की!"

गर्जे फाईल छातीशी धरून पुढं झाले. "सर, मी पाहणी केली तेव्हा तलाव कोरडा होता."

"कधी केली होती?"

"डिसेंबरात, सर."

"आता मे आहे. म्हणजे पाणी वाढलं की, गर्जे!"

सगळे हसले. बीड जिल्ह्यात, दुष्काळात, डिसेंबरात नसलेलं पाणी मे महिन्यात उगवलं, आणि शिकलेली, निवडून आलेली, लोकांच्या पैशाची राखण करायला पाठवलेली माणसं त्यावर पोट धरून हसली. टँकरच्या चाकांच्या ओल्या चाकोऱ्या त्यांच्या बुटांखाली होत्या. गर्जेंनी खाली त्या चाकोऱ्यांकडं बघितलं, मग फाईलकडं बघितलं, आणि ते जे गप्प झाले ते झालेच.

वत्सलाबाईनं पदर खोचला. "चला गं," ती म्हणाली आणि भरावावरून खाली उतरली. मागून वीस-पंचवीस बाया हंडे-कळशा घेऊन उतरल्या. पाणी गुडघ्याएवढं. पायाखाली ताडपत्री बुळबुळत होती. बायांनी हंडे बुडवले. वत्सलाबाईनं कडेला वाकून माती सारली, ताडपत्रीचं टोक दोन्ही हातांनी ओढून वर काढलं आणि जीव खाऊन ओरडली, "सायेब! ह्ये बगा! ह्ये आमच्या टँकरचं पानी हाय! आठ दिस झालं घरात घोटभर न्हाई! खाली मुरूम हाय, ताडपत्री काढली की थेंब ऱ्हानार न्हाई!"

काळी ताडपत्री उन्हात लखलखत होती. ती न दिसायला माणूस आंधळाच पाहिजे होता. अध्यक्षसाहेबांचं बडीशेप चघळणं थांबलं, आणि वत्सलाबाईला वाटलं, जिंकलं.

मग गॉगलवाला साहेब म्हणाला, "सर, ते अस्तरीकरण आहे. नवीन तंत्र आहे. आमच्याच कंपनीनं सुचवलं."

"असं होय!" अध्यक्षसाहेब म्हणाले. "छान. आणि महिला भगिनी थेट पाणी भरतायत, हे बघून फार बरं वाटलं. घ्या रे, फोटो घ्या." कॅमेरेवाला पुढं सरसावला. वत्सलाबाई ओरडतच होती. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं आम्ही नोंदवून घेतलं." आणि नारळ पाण्यात सोडून, गार गाडीत बसून निघून गेले. सगळं मिळून पाव तासाची झाडाझडती.

बायांची दुसरी खेप चालू होती, तोवर मोहनरावांची माणसं ताडपत्री न्यायला आली. भाड्याची होती, संध्याकाळी पाटोद्याला परत करायची होती. बाया हात जोडून म्हणाल्या, पाणी तेवढं भरून घेऊ द्या. पण दुकानदार आणखी एका दिवसाचं भाडं लावणार होता. चौघांनी चार टोकं ओढली. गावाचं आठ दिवसांचं पाणी मुरमात शिरलं आणि बाया हंडे घेऊन बघत राहिल्या. रित्या ओल्या मुरमात नारळ तेवढा पडला होता.

पाऊस उशिरा आला, पण आला. एका रात्री तर असा कोसळला की तलाव सांडव्यापर्यंत भरला. वत्सलाबाई सकाळी बघायला गेली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवड्यानं गेली तेव्हा तळाला चिखल होता. दसऱ्याच्या आत चारा संपला आणि दिवाळीच्या आत गावातली जनावरं आष्टीच्या बाजारात गेली. तिनंच थांबवलेल्या बाया जाताना तिच्या दारावरून दावी ओढत गेल्या. कुणी तिला बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दूध संस्थेचे कॅन पालथे पडले. वत्सलाबाईची एक म्हैस राहिली, तीही म्हातारी म्हणून कुणी दर केला नाही.

हिवाळ्यात गर्जे मोटारसायकलवर आले. समितीचा अहवाल सभागृहात मांडला गेला होता, त्याची झेरॉक्स त्यांच्या हातात होती. ओसरीवर उभ्यानंच त्यांनी वाचून दाखवलं. समितीने प्रत्यक्ष पाहणी केली असता तलावात पुरेसा जलसाठा आढळून आला. महिला दूध संस्थेच्या अध्यक्षांनी समितीसमोर समाधान व्यक्त केले. सबब आक्षेप वगळण्यात येत आहे. अस्तरीकरणाचा खर्च मजूर संस्थेस स्वतंत्रपणे द्यावा. सदर सल्लागार कंपनीचा अनुभव पाहता उर्वरित तालुक्यांतील तलावांची तपासणीही तिच्याकडेच सोपवावी.

"समाधान?" वत्सलाबाई म्हणाली. "म्या?"

गर्जेंनी पान उलटून फोटो दाखवला. गुडघाभर पाण्यात वत्सलाबाई, मागं बायांच्या डोक्यांवर भरलेले हंडे, आणि हिचं तोंड वासलेलं. फोटोला आवाज नसतो. ती आनंदानं खिदळत असल्यासारखी दिसत होती.

"तुमी तितंच हुबे होता, गर्जेसायेब. तुमाला ठावं होतं. तुमी बोलला न्हाईत कावून?"

"मला दोन वर्षं राहिलीत, बाई," गर्जे म्हणाले. "पेन्शन अडकते."

वत्सलाबाईनं त्यांना चहा विचारला नाही. तिला गर्जेंचा राग आला नाही, मोहनरावांचा तर कधीच संपला होता. तिला किळस आली. भाकरीत अळी निघाल्यावर जेवणावरची वासना उडते तशी तिची या सगळ्या साहेबांवरची वासना उडाली. झेरॉक्स तिनं चुलीत घातली आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

ते तेवढ्यावर भागलं असतं. पण संक्रांतीनंतर तलावाच्या भरावावर फ्लेक्स लागला. 'दुष्काळावर मात, खापरदऱ्याची यशोगाथा.' वर हात जोडलेल्या अध्यक्षसाहेबांचा चेहरा, हा एवढा थोरला. त्याच्याखाली मोहनराव, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह, आणि खाली मध्यभागी तोंड वासून खिदळणारी वत्सलाबाई. आणि फ्लेक्सच्या मागं, खऱ्या कोरड्या तळ्यात उभी भेग पडलेली. छबुबाईनं घरी येऊन सांगितलं, "आक्का, फोटू लई झ्याक आलाय तुजा," आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो.

सकाळी वत्सलाबाईनं गोठ्यातलं शेण घमेल्यात भरलं. भिवराबाई आणि छबुबाई न बोलावता मागं निघाल्या. भरावावर पोचल्यावर तिनं ओंजळभर गोळा घेतला आणि गोवरी थापतात तसा दणदिशी स्वतःच्याच वासल्या तोंडावर थापला. दुसऱ्या गोळ्यात डोळे झाकले.

"आता न्हाई म्हनावं मी खूश," ती म्हणाली.

मोहनरावांचं तोंड भिवराबाईनं मागून घेतलं. कंपनीच्या चिन्हावर छबुबाईनं हात फिरवला. अध्यक्षसाहेब उंचावर होते. त्यांच्यासाठी वत्सलाबाई दगडावर चढली आणि खाली हात केला, तर घमेलं रिकामं. एकेकाळी या गावात दारोदार शेणाचे ढीग पडलेले असायचे, उचला म्हणून बाया शेजारणीशी भांडायच्या. आता गावभर मिळून एक म्हातारी म्हैस होती.

"ह्येचं ऱ्हायलं की, आक्का," भिवराबाई म्हणाली.

वत्सलाबाई दगडावरून उतरली. घमेल्याच्या तळाला चिकटलेलं बोटांनी निपटून बघितलं, तेवढ्यानं भागण्यासारखं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "म्हैस हाय अजून. उद्या येऊ."