आत्याच्या खिडकीतली बरणी

मित्रांनो, माझ्या झाकणाला पोचा आहे, काचेत एक बुडबुडा कायमचा अडकलाय आणि जॅमचं लेबल अर्धंच निघालंय, म्हणून मला भंगारात काढू नका. मी जुनी बरणी आहे खरी. पण एके काळी माझ्या पोटात बर्फ पडायचा, मग काही दिवस माझ्या तोंडातून आग निघायची, आणि आता या वयात मी उडते. खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. फळीवरच्या मिठाच्या डबीलाही खोटंच वाटतं. पण ती जन्मात कधी फळीवरून खाली उतरलेली नाही, तिचं काय ऐकायचं?

माझा जन्म भट्टीतला. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात यंत्राने हवा फुंकली आणि त्यातली चिमूटभर आत राहून गेली. तोच हा बुडबुडा. तपासणाऱ्या माणसाने मला उजेडात धरून बघितलं, नेमकी त्याला शिंक आली आणि मी पास झाले. पुढे पोटात स्ट्रॉबेरीचा जॅम भरला गेला आणि मी एका बेकरीच्या मागच्या घरात येऊन पडले. जॅम संपला. आता माझी रवानगी कचऱ्यात, असं मी धरूनच चालले होते. पण त्या घरात काही फेकायची सोय नव्हती. त्याला कारण आत्या.

आत्या म्हणजे बेकरीवाल्याची थोरली बहीण. उभा जन्म बसची कंडक्टर म्हणून काढलेला. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राहायची, आणि तिच्या खिडकीतून खालचं सगळं अंगण दिसायचं. नजर अशी की मागच्या दारातून चढलेला माणूस पुढे बघूनच ओळखायची. निवृत्त झाली तरी घरातल्या कुणाला विनातिकीट सुटू देत नसे. नाताळच्या भेटींचा नियम तिचाच होता. भेट विकत आणायची नाही. घरात जे पडलंय, किंवा आपल्या कामावर जे टाकून देतात, त्यातूनच स्वतःच्या हाताने करायची. तिचं म्हणणं साधं होतं. विकत आणलेल्या वस्तूचं कौतुक करायचं तर दुकानदाराचं करीन, तुमचं कशाला करू?

नियम छान होता. मी कचऱ्यातून वाचले ती त्याच्याचमुळे. पण त्याला शेपूट होतं. ज्याची भेट फसेल त्याला आत्या तिथल्या तिथे नाव ठेवायची, आणि ते नाव जन्माला चिकटायचं. खरी नावं त्या घरात फक्त विजेच्या बिलावर उरली होती.

पहिला बळी आत्याचा धाकटा भाऊ, सुतार. त्याने माझ्यात पाणी आणि चमकी भरली, झाकणाला आतून लाकडाचं चिमुकलं घर चिकटवलं आणि मला उलटं ठेवलं. हलवलं की घरावर बर्फ पडायचा. काय सांगू तुम्हाला, असा बर्फ की खिडकीवरची चिमणी मला बघून कुडकुडायची. नाताळला मी आत्याच्या खिडकीत विराजमान झाले. जेवणं उरकेपर्यंत डिंक विरघळला. घर सुटलं, तरंगत वर आलं आणि छप्पर खाली, जमीन वर अशा अवस्थेत गोल गोल फिरू लागलं. त्या दिवसापासून सुतार झाला डिंककाका.

पुढच्या नाताळला मला रिकामी करून बेकरीवाल्याच्या बायकोने हाती घेतलं. तिने घरातले मेणबत्त्यांचे सगळे तुकडे वितळवून माझ्यात ओतले. वात मात्र सरळ धरायला विसरली. ती एका बाजूला कलली आणि अशी भडकली की आत्याच्या भुवया थोडक्यात वाचल्या. ती झाली मेणवहिनी. तिच्या मुलाने, म्हणजे वायरमनने, साबणाच्या चिपा गोळा करून माझ्याच पोटात वडी ओतली. त्या वडीला आजतागायत फेस आलेला नाही, म्हणून तो फेसदादा. आणि खुद्द बेकरीवाल्याने मिठाच्या कणकेचे तारे करून भाजले, रंगवले, झाडाला टांगायला दिले. एका पाहुण्याने बिस्कीट समजून त्यातला एक चावला. पाहुण्याच्या दाताचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही, पण बेकरीवाल्याचा खारेभाऊ झाला. त्याच्या गिऱ्हाइकांतही तेच नाव चालतं.

फसलेल्या भेटी आत्या नाक मुरडत वर घेऊन जायची. काही दिवसांनी मी तेवढी धुऊनपुसून खाली यायची. बाकीचं तिने फेकून दिलं असणार, असं सगळे समजत. मीही तसंच समजत होते.

अशा घरात फेसदादाची नवी बायको आली. सूनबाई बांधकामावर क्रेन चालवायची. लोखंडाची अख्खी तुळई ती अशी अलगद खाली टेकवायची की खाली ठेवलेलं अंडं फुटू नये; हे मी बघितलेलं नाही, पण सांगायला काय जातं? मात्र सुईत दोरा ओवायचं म्हटलं की तिचा हात थरथरायचा. आणि त्या वर्षी कुणी कुणाला भेट करायची याच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिच्या वाट्याला नेमकी आत्याच आली.

नवरा तिला स्वयंपाकघरात धीर देत होता, तेव्हा मी फळीवरून ऐकलं. तो म्हणाला, "घाबरू नकोस गं. नाव पडतं, दोन दिवस दुखतं, मग सवय होते."

"तुला झाली असेल," ती म्हणाली. "कामावर मला सगळे नावाने हाक मारतात. ते कमवायला मला फार दिवस लागलेत. इथे येऊन घालवायचं नाहीये."

मग म्हणाली, "तुझी आत्या जिन्यात थांबते, बघितलंयस?"

त्याने बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. आत्याचा गुडघा गेला होता. दूध, पाव, वर्तमानपत्र आणायला ती खाली उतरायची आणि चढताना प्रत्येक वळणावर कठडा पुसल्यासारखं करत दम खायची. कुणी मदतीला हात पुढे केला तर म्हणायची, "मी काय पार्सल आहे?" सूनबाई दिवसभर उंचावरून माणसांच्या हालचाली बघणारी. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला फळीवरून उचललं, उलटीसुलटी करून बघितलं, टिचकी मारली आणि मान हलवली. मला वाटलं, चला, या वेळी गोळ्याबिळ्या भरणार. पण तिने माझ्या गळ्याभोवती दोरीचं जाळं विणलं. हात थरथरत होते, तरी गाठी मात्र पक्क्या. मग कामावरून टाकून दिलेली एक कप्पी आली, टाकून दिलेला दोरखंड आला, आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई मला तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडणार आहे. मित्रांनो, काचेच्या वस्तूला असं कळणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला कळायचं नाही. माझा बुडबुडा त्या दिवशी जागचा हलला. शप्पथ.

नाताळच्या सकाळी सगळे आत्याच्या खोलीत जमले. आत्याला सांगितलं होतं की खिडकीबाहेर कुंडी टांगायचा हूक बसवतोय. फेसदादाने आदल्या दिवशी कप्पी बसवून वर फडकं झाकलं होतं. सूनबाईने फडकं काढलं. चौकटीला एक छोटी घंटा होती, तिची दोरी खाली अंगणापर्यंत गेलेली. ती म्हणाली की आता आत्यांनी खाली उतरायचं नाही. पाव, दूध, वर्तमानपत्र, सगळं बरणीतून वर येईल. काही हवं असेल तर वरून घंटा वाजवायची.

"एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला," सूनबाई म्हणाली.

आत्याच्या भुवया वर गेल्या. "हे तुला कुणी शिकवलं?"

"क्रेनवर तसंच असतं. एक वाजली की थांबायचं, काहीही झालं तरी."

"बसमध्येही," आत्या म्हणाली. आणि खुर्ची खिडकीजवळ ओढून बसली.

खारेभाऊ गरम पाव घेऊन खाली अंगणात उभा राहिला. आत्याने घंटा दोनदा वाजवली. सूनबाईने दोरखंड तिच्या हाती दिला आणि मला चौकटीबाहेर सोडलं.

आता तिची चूक सांगतो, म्हणजे सांगते. अजून आठवलं की माझं व्याकरणही जागेवर राहत नाही. आयुष्यभर टनांत वजनं उचललेली ही बाई. तिने दोरखंड निवडला तो हत्ती बांधायच्या लायकीचा. मी रिकामी, हलकी. पण जसजशी मी खाली गेले तसतसा दोरखंड माझ्या बाजूला लोंबत गेला, जड होत गेला आणि स्वतःच्याच वजनाने सुसाट सुटला. आत्याच्या हातातून सरसर निसटला. आत्या एक घंटा वाजवत होती, पुन्हा पुन्हा एकच, पण दोरखंड काही कंडक्टरचं ऐकणारा नव्हता. दुसरा मजला गेला. पहिला मजला गेला. पहिल्या मजल्यावरच्या मांजराने मला बघून डोळे मिटले. मला जन्मापासूनचा सगळा जॅम आठवला.

आणि फरशीपासून हातभर अंतरावर मी गचकन थांबले. शेवटाला सूनबाईने गाठ मारून ठेवली होती. ती कप्पीत अडकली. कामावरची सवय. झाकण निघून अंगणभर घरंगळलं, तेव्हाच हा पोचा पडला.

खारेभाऊने माझ्यात पाव भरले आणि ओरडून सांगितलं की ओढा. आत्याने ओढलं. मी तसूभर हलले. फेसदादा पुढे सरसावला, पण आत्या म्हणाली, "तू रोज येणारेस का ओढायला? मग याचा काय उपयोग?" खरंच होतं ते. म्हातारीला ओढता येत नसेल तर सगळं मुसळ केरात.

मी खाली लोंबकळत असले तरी मला वरचं सगळं ऐकू येत होतं; जे दिसलं नाही ते मागाहून कळलं. खिडकी उघडीच होती. डिंककाका खाकरला. मेणवहिनीने पदर तोंडाला लावला. आत्याने सूनबाईकडे बघितलं. नाव तिच्या जिभेवर आलं होतं, मला ठाऊक आहे, कारण आदल्या रात्रीपासून सगळे अंदाज बांधत होते.

सूनबाई पांढरी पडली होती. पण रडली नाही, की माफीही मागितली नाही. "पासंग राहिला," ती म्हणाली. "दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन हवं. ते खाली जाईल, बरणी वर येईल. मला सुचायला हवं होतं. घट्ट, छोटं, जड काहीतरी हवंय. पण घरात रोज लागणारं नको."

डिंककाकाने इस्त्री सुचवली, मेणवहिनीने खलबत्ता, पण दोन्ही रोजच्या वापरातले. तेव्हा आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढू लागली. फेसदादा पुढे झाला, तर त्याच्या हातावर चापट बसली.

पेटीत काय होतं ते मला नंतर कळलं, कारण त्या वस्तूंची आणि माझी आता रोज वाटेत गाठ पडते. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं लाकडी घर. मेणाचा गोळा, त्याच्या कडेला माझ्याच पोटाचा आकार. फेस न येणारी वडी. मिठाचे सगळे तारे, एक चावलेला. सगळं नीट पुसलेलं, जपून ठेवलेलं.

डिंककाकाने घर हातात घेतलं आणि छपरावर बोट फिरवलं. ते आत्याने पुन्हा चिकटवलेलं होतं, या वेळी खिळा मारून.

"ताई," तो म्हणाला, "तू तर म्हणायचीस की फेकलं."

"म्हणायचे," आत्या म्हणाली. "आता हे पिशवीत भरा आणि टांगा. पाव गार होतायत."

सगळं एका कॅनव्हासच्या पिशवीत भरलं. सूनबाईने हातात तोलून बघितलं, साबणाची वडी काढली, पुन्हा घातली, एक तारा कमी केला आणि पिशवी दोरखंडाच्या दुसऱ्या टोकाला बांधली. आत्याने दोनदा घंटा वाजवली आणि दोन बोटांनी दोरखंड ओढला. दोनच बोटांनी. मी वर निघाले. वाटेत पिशवी खाली येताना भेटली. आतून लाकडी घर खुळखुळलं, जणू ओळख दिली. मी खिडकीशी आले तेव्हा माझ्या पोटातल्या पावाची वाफ आत्याच्या चष्म्यावर बसली. ती तिने लवकर पुसली नाही.

तेवढ्यात खारेभाऊ धापा टाकत जिना चढून आला. पेटी बघितली, पलंगाखालची रिकामी जागा बघितली, आणि त्या घरात आजवर कुणी केलं नव्हतं ते त्याने केलं. आत्याला नाव ठेवलं. म्हणाला, "साठवणआत्या."

सगळे हसले. आत्या नाही हसली. तिने खिडकीबाहेर बघत एक घंटा वाजवली, म्हणजे आता थांबा. मग सूनबाईकडे वळून, तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारून म्हणाली, "उद्या दूध सातला पाठव." ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. ते तिने कमावलंय, मी कशाला वाटत फिरू?

तर मित्रांनो, तेव्हापासून मी रोज उडते. जिना आता फक्त सूनबाईचा. ती संध्याकाळी वर येते आणि दोघी खिडकीत बसून अंगणातल्या लोकांची तिकिटं तपासतात. दर नाताळला नवी भेट फसते आणि आत्या नाक मुरडून ती पिशवीत घालते. म्हणून आता मीही जास्त ओझं उचलू शकते. गेल्या आठवड्यात कलिंगड आणलं. मिठाच्या डबीला हेही खोटं वाटलं.

तुमच्या घरातही माझी एखादी बहीण ओट्यावर रिकामी पडली असेल. तिला फेकू नका. धुवा, पुसा, तिच्यात कुणासाठी तरी काहीतरी करा. फसलं तर फसू द्या, कुठे ना कुठे पासंगाला लागेल. फक्त एक विनंती आहे. झाकण घट्ट लावत जा आणि शेवटची गाठ कधी विसरू नका. तिसऱ्या मजल्यावरून खाली जाताना मी अजून डोळे मिटूनच घेते.