विहिरीवरची चार मिनिटे

मित्रांनो, पत्र्याच्या बारा गोल डब्यांत गुंडाळलेली काळी फीत तुम्ही कधी पाहिली आहे का? ती मी. मी एका बोलपटाची प्रत आहे, आणि आता तर माझ्यासारखी दुसरी उरलेलीच नाही.

माझा जन्म १९४० साली पुण्यात झाला. माझे दिग्दर्शक मार्तंडराव. त्यांचा सगळा जीव एका प्रसंगात होता. मुलगा गेल्याचे पत्र येते, आणि त्याची आई विहिरीच्या काठावर घागर घेऊन बसते. चार मिनिटे काहीच बोलत नाही. गाणे नाही, रडणे नाही. वर्तमानपत्रातल्या टीकाकाराने नेमकी त्यावरच झोड उठवली: "दिग्दर्शक झोपी गेले, कॅमेरा मात्र चालूच राहिला!" लोकही उठून जाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात मला उतरवले. मार्तंडराव ते कात्रण खिशात घेऊन हिंडत. मला फार वाईट वाटे, पण डब्यातून मी काय बोलणार?

मग मी नगरजवळ भिंगारला आले, तंबूतल्या सिनेमात. तिथे मशीन चालवणाऱ्या भीमाने मला पोटच्या पोरीसारखे सांभाळले. मी चटकन पेट घेते, म्हणून श्रीगोंद्याच्या बाजाराला नेताना तो डब्यांवर ओले पोते टाकी. गाणी लागली की लोक टोप्या उडवत. विहीर आली की मात्र ओरडा व्हायचा, "आरं भीमा, मशीन बंद पडलं का?" आणि पडद्यावर ढेकळे येत. बायकांच्या बाजूला तेवढी शांतता असे. पण शांत बसलेल्यांचे भीमाला काय ऐकू येणार?

एके दिवशी त्याने कात्री घेतली आणि ती चार मिनिटे कापून टाकली. तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून औषधात विरघळवून त्यांचा डिंक केला. पुढे मी कुठेही तुटले, की तो त्याच डिंकाने मला जोडी.

१९४८ साली भर दुपारी मार्तंडराव भिंगारला आले. केस पिकलेले, हातात वर्तमानपत्र. त्याच टीकाकाराने लिहिले होते, 'विहिरीवरच्या त्या प्रसंगाइतके खरे दुःख मी पडद्यावर पाहिले नाही. तेव्हा मी चुकलो.' आता मुंबईच्या लोकांना तो बोलपट पाहायचा होता. बाकीच्या प्रती गोदामाच्या आगीत जळाल्या होत्या.

मार्तंडरावांनी नववा डबा उघडला आणि मला उन्हाकडे धरून हाताने सरकवू लागले. पत्र आले, आणि लगेच लग्नाची वरात. ते मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"भीमा, विहीर कुठे आहे रे?"

भीमाचा चेहरा खुलला. "ती व्हय? ती मीच काढली, साहेब. आपल्या पिच्चरला लोक नावं ठेवत हुते, मला बघवंना. आता एक मानूस उठत न्हाई!"

त्याची बायको रंगुबाई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आमी बाया तेवढ्यासाठीच येत हुतो. पन आमाला इचारलं कुनी?"

"ते तुकडे तरी?" मार्तंडरावांनी विचारले.

भीमाने डिंकाची बाटली पुढे केली. तळाशी बोटभर उरला होता.

मार्तंडराव रागावले असते तर मला बरे वाटले असते. भीमा रडू लागला, तेव्हा ते त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसते बसून राहिले. विहिरीवरची ती आई माझ्या प्रत्येक जोडात आहे, पण मला ती कुणालाच दाखवता येत नाही.

मित्रांनो, एखादी गोष्ट आज कळली नाही तर खुशाल उठून जा, नावेही ठेवा. पण तिला कात्री लावू नका. त्या टीकाकाराला विहिरीपाशी परत यायला आठ वर्षे लागली, आणि तो आला तेव्हा त्याला दाखवायला माझ्याकडे काही नव्हते.