पिवळ्या ठिगळाचं लाल जॅकेट

गारव नदीला पाणी किती आहे ते बघायला शोनाग सकाळीच खडकावर गेली आणि जागच्या जागी थिजली. पलीकडच्या काठाला हिरव्या झग्यातली एक बुटकी म्हातारी धुणं धूत होती. धूत कसली, आपटत होती! लाल जॅकेट होतं, कोपरावर पिवळं ठिगळ. ते ठिगळ शोनागनंच धाकट्या भावाच्या, टॉर्कलच्या जॅकेटला लावलेलं, वाकडंतिकडं, चिडचिड करत.

धुणारी बाई ज्याचा कपडा धुते तो त्या दिवशी पाण्यात बुडून मरणार, हे त्या डोंगरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक. शोनाग धापा टाकत घरी आली, तर टॉर्कल दारात लापशी खात उभा. जॅकेट खुंटीवर, कोरडं ठणठणीत.

"आज गारव नाही. लीहन नदीवर जायचं."

"लीहन? अगं, तिथं बदकं झोपा काढतात! आज राफ्टमधून फिरायला येणाऱ्या नवरदेवाच्या टोळीला उसळतं पाणी हवंय, आंघोळीचा टब नको."

"राफ्ट मी चालवते, नदी मीच ठरवणार. आणि तू राफ्टमध्ये बसायचं नाहीस. वळणावर दोरी घेऊन काठावर उभं राहायचं. राफ्टमधल्या सगळ्यांची जॅकेटं लालच. पाण्यात लाल दिसलं की—"

"आधी दोरी, धरली नाही तर उडी, विचार नंतर. तूच घोकून घेतलंयस, बाई. पण झालंय काय तुला?"

खरं सांगितलं असतं तर हा उरफाटा मुद्दाम गारवला गेला असता. "माझ्यासाठी एवढं कर," ती म्हणाली, आणि जॅकेट नेऊन शेडमध्ये कोंबलं.

लीहनवर छान ऊन होतं. नवरदेव डूगल, दाराएवढा गडी, वल्ही मारताना बेसूर गात होता. शोनागही हसली. मग राफ्ट कड्यांच्या सावलीत शिरली. तिथून काठाला लागायला वाटच नव्हती.

"बाप रे, काय गारठा!" म्हणत डूगलनं पायाशी ठेवलेली पिशवी उघडली आणि आतून लाल जॅकेट काढलं. कोपरावर पिवळं ठिगळ.

"हे कुठून आणलंस?" शोनाग किंचाळली.

"तुझ्या भावानं दिलं. माझ्या मापाचं एवढंच होतं म्हणे, शेडमध्ये सापडलं."

तिनं ते हिसकावलं आणि जीव खाऊन पाण्यात भिरकावलं. "घे, म्हातारे! घे तुझं!" स्वतःचं जॅकेट काढून तिनं डूगलच्या अंगावर टाकलं. तिला सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. सुटला बिचारा माझा टॉर्कल, असं तिला वाटलं.

जॅकेटमध्ये हवा भरली. बाह्या पसरून, पालथ्या पडलेल्या माणसासारखं, ते राफ्टच्या पुढं वळणाकडं निघालं.

तिथं काठावर टॉर्कल दोरी घेऊन उभा होता.

"टॉर्कल! नको! रिकामं आहे ते!" ती घसा फाडून ओरडली. पण कड्यांमधल्या पाण्याच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. वळणापलीकडून टॉर्कलचा आवाज मात्र स्पष्ट आला.

"दोरी धर! अरे, धर की!"

आणि मग काहीच आलं नाही.

राफ्ट वळली. वळणावरच्या काठावर कोणी नव्हतं. दोरी पाण्यावर सैल तरंगत होती. पलीकडच्या काठाला हिरव्या झग्यातली म्हातारी बसली होती. आता ती जॅकेट आपटत नव्हती. धुणं उरकलं होतं, ती ते पिळत होती.