किल्लीच्या गाडीमागची बाई

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण हसतो. तुम्हीही हसा, मला सवय आहे. मी एक जुनी छापील तसबीर आहे आणि माझ्यावरची गाडी आहेच तशी गमतीची. तिला घोडा नाही, इंजिन नाही. चार चाकं, एक आसन आणि मागे ही भलीमोठी किल्ली. भिंतीवरच्या घड्याळाला देतात तशी किल्ली द्यायची, मग आतली स्प्रिंग उलगडत जाई आणि गाडी चाले. रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन थांबे. मग पुन्हा किल्ली. आसनावर टोपी घातलेला एक माणूस ऐटीत बसला आहे आणि मागे एक बाई दोन्ही हातांनी किल्ली धरून उभी आहे.

माझा जन्म तांब्याच्या पत्र्यावरून झाला. एका कारागिराने त्यावर अणकुचीदार हत्याराने रेघा कोरल्या, त्यांत शाई भरली आणि वर ओला कागद ठेवून दाबला. तो कागद म्हणजे मी. आमची बरीच भावंडं तेव्हा छापून निघाली, पण आता माझ्याखेरीज कुणी उरल्याचं ऐकिवात नाही. कोरण्याआधीची हकीकत आम्हाला त्या पत्र्याने सांगितली, जशी आई आपल्या लेकरांना सांगते. गाडी कारागिराच्या दारात आणून उभी केली होती आणि ती बनवणारे भाऊबहीण सोबत आले होते.

"ताई, तुम्ही बसा ना आसनावर," कारागीर म्हणाला. "किल्ली दादांना धरू द्या. चित्रात शोभून दिसेल."

"नको. किल्ली किती द्यायची ते त्याला कळत नाही. परवा स्प्रिंग तोडलीच होती त्याने."

"खरं आहे," भाऊ हसत म्हणाला. "स्प्रिंगची युक्ती हिचीच. मी आपला सुतारकाम करणारा. खाली दोघांची नावं घाला, आणि सारख्याच अक्षरांत."

कारागिराने तशी घातली. खालच्या पांढऱ्या कडेवर, एका ओळीत, दोन नावं. माझ्या अंगावर त्याहून मोलाचं काही नव्हतं. पण हे मला फार उशिरा कळलं.

गाडीचं पुढे काही झालं नाही. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं, टाळ्या वाजवल्या आणि घोड्यावर बसून घरी गेले. मी कुणाच्या तरी ट्रंकेत कपड्यांखाली पडून राहिले आणि तिथून जुन्या सामानाच्या दुकानात आले. एका डॉक्टरांना मी आवडले. दवाखान्यात लावायला म्हणून त्यांनी मला घेतलं. माणूस भला, पण हौसेला मोल नसतं हे काही त्यांना पटत नसे. घरात एक रिकामी फ्रेम पडून होती, तीच घेऊन ते फ्रेमवाल्याकडे गेले. फ्रेम चार बोटं तोकडी निघाली.

"नवी करू का?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"अहो, ही चांगली सागवानी आहे. खालचा भाग कापा की. नुसती अक्षरंच तर आहेत."

फूटपट्टी ठेवून सुरी फिरली. कापलेल्या तुकड्याने फ्रेमवाल्याने ब्रशाचा गोंद पुसला आणि तो केरात टाकला. माणसाला म्हणे तुटलेल्या बोटाचीही आठवण राहते. कागदाचं तसं नसतं, मित्रांनो. दोन नावं होती एवढं मला आठवतं. कोणती, ते आठवत नाही.

दवाखान्यात माझे लाड झाले. तापाने फणफणलेली पोरं मला बघून रडायची थांबत. "आई, ती बाई कोण?" असं विचारत. आई सांगे, "तो साहेब बसलाय ना, त्याने गाडी बनवली. ती मागची त्याची मोलकरीण." रोज नवी आई आणि उत्तर तेच. माझा जीव तीळतीळ तुटे, पण तसबिरीला कुठलं तोंड!

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, आणि त्यांच्या मुलीने मला जुन्या वाहनांच्या संग्रहालयात दिलं. तिथे माझ्याखाली कार्ड लागलं: ‘आसनावर गाडीचा निर्माता. मागे त्याची नोकराणी.’ एकदा छापलं की खोटंही खरं दिसतं. छापलेली असून मीच हे सांगते आहे.

पुढे वर्तमानपत्रात माझा फोटो आला. तो बघून एक आजी काठी टेकत आल्या. कार्ड वाचून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी संग्रहालयाच्या बाईंना बोलावून घेतलं.

"ही नोकराणी नाही हो. ही माझी पणजी. गाडीची स्प्रिंग तिने शोधली. आमच्या घरात सगळे सांगायचे आणि बाहेरचे म्हणायचे, थापा मारता. आता सांगणारी मी एकटीच उरलेय. माझ्यामागे कुणी नाही."

बाई समजूतदार होत्या. त्यांनी मला उतरवून फ्रेम उघडली आणि भिंगातून माझा कोपरा न् कोपरा पाहिला.

"आजी, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. अशा चित्रांखाली नावं असतात. पण ह्याची कड कुणीतरी कापलीय. नावाशिवाय मी कशाच्या जोरावर लिहू?"

"कशाला कापली?"

"फ्रेममध्ये बसत नसेल म्हणून."

आजींनी काठीचं टोक कार्डाकडे केलं. "मग निदान नोकराणी तरी खोडा," त्या म्हणाल्या.

ते बाईंनी लगेच केलं. आता कार्डावर ‘मागे एक अनोळखी स्त्री’ असं आहे.

जाण्याआधी आजी काचेला नाक लागेल इतक्या जवळ आल्या आणि हळूच त्यांनी आपल्या पणजीचं नाव घेतलं. मी ते नीट ऐकलं. पण तेच माझ्यावर छापलेलं होतं का, हे मलाच ओळखता आलं नाही.

म्हणून विनवते, मित्रांनो. जुनं चित्र चौकटीत मावेना, तर दुसरी चौकट आणा. आणि सुरी हातात घेण्याआधी कडेवर काय लिहिलंय ते एकदा वाचा. डॉक्टरांनी तेवढं वाचलं असतं, तर त्या दिवशी आजी हसत घरी गेल्या असत्या.