एकविसावा शेक

हौशी म्हशीनं लाथ झाडली आणि चरवी लवंडली. चरवीत होतं तरी काय, तळाला पावशेर दूध. ते शेणात मुरताना बघत पिराजी तसाच उकिडवा बसून राहिला. एरवी या माणसानं अशा वेळी अख्खी गल्ली गोळा केली असती. आता घशातून निघाली ती नुसती हवा.

घशाचा कॅन्सर. रेडिएशनचे वीस शेक झाले होते, तेरा राहिले होते. रोज सकाळी बायकोसोबत केएमटीच्या बसनं दवाखान्यात जायचं, तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून मशीनखाली दहा मिनिटं निपचित पडायचं आणि घरी येऊन गार पेज घोटाघोटानं गिळायची. गळ्याची कातडी भरताच्या वांग्यासारखी झाली होती. तेही त्यानं सोसलं. पण पंधराव्या शेकाला आवाज बसला आणि हौशी आटायला लागली.

कारण हौशी पडली आवाजाची म्हैस. तिचं रेडकू दगावलं, तेव्हापासून पिराजी कासेला हात लावून तिच्याशी बोलायचा, मगच ती पान्हा सोडायची. मुक्यानं पिळलेलं बाईसाहेबांना चालत नव्हतं.

"आजपास्नं शेक बंद," पिराजी कसाबसा पुटपुटला. "आवाज आला की बगू."

त्याची बायको बयाबाई भाकरी तव्यावर टाकून धावत गोठ्यात आली. "डोस्कं फिरलंय व्हय? मदी खंड पाडू नगा म्हणून डाक्टर कोकलून सांगतोय!"

"हौशी आटंल."

"म्हस आटली तर दुसरी आणू. नवरा कुटनं आणू?"

पिराजीनं तोंड फिरवलं. हट्टाला पेटला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. बयाबाईनं दोरीवरचा त्याचा सदरा अंगात चढवला, त्याचा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि चरवी विसळून हौशीच्या कासेशी बसली.

"तुला न्हाई द्यायची ती."

"गप बसा. बोलू नगा म्हटलंय डाक्टरनं."

तिनं घसा खाकरून आवाज जाड केला. "हौशा, माजी गुणाची बाय कोन? लाडाची कोन? सोड की गं राणी..."

शब्द पिराजीचे, हेलही त्याचाच. भिंतीपलीकडं भाकऱ्या थापत, आधीच्या म्हशींपासून तीस वर्षं ऐकलेलं तिला सगळं पाठ होतं. "मला यातलं कदी एक म्हटला न्हाईसा," ती मान न वळवता म्हणाली. पिराजी शरमला.

हौशीनं कान टवकारले. सदरा हुंगला. पाय उचलला, आणि परत टेकला. चरवीत पहिली धार वाजली, मग दुसरी.

पिराजीचे डोळे भरून आले. म्हशीनं पान्हा सोडला म्हणून आनंद झाला होता. आणि आपल्यावाचून तिचं अडत नाही, हे जिव्हारी लागलं होतं. दोन्ही एकदमच.

"आता जावा की राजा," बयाबाई त्याच लाडाच्या सुरात म्हणाली. सूर मोडला असता तर हौशी बिचकली असती. "नंबर जाईल तुमचा. आज एकटं जावा, माज्या सोन्या. हिला सोडून मला उटता येत न्हाई."

पिराजीनं फाईल काखेत मारली. सवयीनं 'येतो गं' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पायातल्या चपला चालताना करकर वाजायच्या, आणि ती करकर हौशीच्या ओळखीची होती. त्यानं त्या काढून हातात घेतल्या आणि स्वतःच्याच गोठ्यातून, हौशीला चाहूल लागू न देता, अनवाणी बाहेर पडला.