एकसारख्या ओळी

मला पसारा खपत नाही. टेबलावरचा नाही, कपाटातला नाही, आणि टिपणांमधला तर अजिबात नाही. माझी सगळी टिपणं एका अॅपमध्ये असतात. गीझर कधी दुरुस्त केला, कुठलं पुस्तक कोणाला दिलं, कोणाशी कशावरून वाजलं, सगळं. या अॅपची गंमत अशी की त्याला हवे ते जादा तुकडे आपणच बनवून जोडू शकतो. प्लगिन म्हणतात त्यांना. मी दिवसा बस कंपनीच्या ऑफिसात वेळापत्रकं लावते आणि उरलेल्या वेळात प्लगिन बनवते. त्यातून मिळत काही नाही. लोक कौतुक करतात, कधी शिव्या घालतात. मला दोन्ही चालतं.

माझ्या सगळ्यात चाललेल्या प्लगिनचं नाव 'केरसुणी'. टिपणात एकच ओळ पुन्हा आली असेल तर ती दाखवायची आणि विचारायचं, काढू का? अकराशे माणसं ते वापरत होती आणि सगळ्यांची एकच कुरकुर होती: अहो, सारखं विचारता काय, काढून टाका की! मलाही ते पटलं. म्हणून त्या मंगळवारी अर्धी रजा टाकून मी घरी बसले आणि सव्वाबाराला नवी आवृत्ती सोडली. आता केरसुणी विचारणार नव्हती. दर तासाच्या ठोक्याला झाडणार, सगळ्यात जुनी ओळ ठेवणार आणि बाकीच्या गुपचूप काढून टाकणार. मी खूश होते. स्वतःसाठी चहा केला आणि त्यात साखर जरा जास्तच घातली.

घरात आम्ही तिघं. मी, दादा आणि बाबा. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. शहरातले चारशे नंबर त्यांना तोंडपाठ असायचे, लोक वहीत बघायच्या आधी त्यांना विचारायचे. आता त्यांना सकाळी काय खाल्लं तेही धड आठवत नाही, आणि दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं. जो घरी असेल त्याने ते द्यायचं. गेल्या वर्षी एकदा बाबा मला म्हणाले, "दादाने दिलंय, आत्ताच दिलं." दिलं नव्हतं. संध्याकाळी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या दिवशी मी असली भडकले की विचारू नका. स्वयंपाकघरात टॅबलेट लावला, त्यावर त्याच अॅपमध्ये एक बटण बनवलं. दाबलं की त्या दिवसाच्या तारखेखाली ओळ उमटते: 'दुपारचं इंजेक्शन दिलं.' आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत नियम लिहिला: 'लिहिलं नाही तर झालं नाही.'

तेव्हापासून बाबांना कोणी काही विचारत नाही. टॅबलेटला विचारतो. घरातला फोनही त्यांनी उचलायचा नाही, कारण एकदा कोणा भामट्याला त्यांनी आमची सगळी माहिती सांगून टाकली होती. ज्या माणसाने तीस वर्षं फोनच उचलले, त्याला मी सांगितलं, वाजला तरी हात लावायचा नाही. त्यांनी मान डोलावली होती.

त्या मंगळवारी जेवण दादा देणार होता, दोन वाजता घरी येऊन. पण मी घरीच होते आणि बाबांना भूक लागली होती. पावणेएकला मी इंजेक्शन दिलं, बटण दाबलं, ओळ उमटलेली डोळ्यांनी बघितली. मग त्यांना भात आणि वाटाण्याची भाजी वाढली. ताट घासून जागेवर ठेवलं, ओटा पुसला. मला पसारा खपत नाही, सांगितलंच. दादाला फोन केला नाही. कशाला करायचा? लिहिलेलं होतं ना. सव्वाला मी ऑफिसला निघाले.

पावणेदोनला टेबलाशी बसले तर केरसुणीच्या पानावर एका बाईंचा निरोप आला होता. पोहायला शिकवणाऱ्या बाई होत्या. "अहो ताई, माझ्या पोरींनी सकाळी चाळीस-चाळीस फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीची एक ओळ असते. आता बघते तर सगळ्या एकेक फेरी मारून घरी गेल्यात. आम्ही बुडालो वाटलं की काय तुम्हाला?"

मला हसू आलं आणि थोडा रागही. मी तडक उत्तर लिहायला घेतलं: "बाई, तीच ती ओळ रोज रोज कोणी लिहितं का? असं लिहिणारं माणूस मी तरी"

तिथे माझा हात थांबला. असं लिहिणारं माणूस मीच होते. तारीख वेगळी, ओळ रोज तीच. केरसुणी तारखांकडे बघत नाही, ओळींकडे बघते. एक वाजता तिने टॅबलेटवर झाडलं असणार. वर्षभराच्या इंजेक्शनांमधलं सगळ्यात जुनं एक ठेवून बाकीची सगळी काढली असणार, आजचंसुद्धा.

फोनवर ते टिपण उघडलं. आजची तारीख होती. तिच्याखाली काही नव्हतं.

एक वाजून बावन्न मिनिटं. दोनला दादा येणार, टॅबलेट बघणार आणि पोट भरलेल्या, एकदा इंजेक्शन झालेल्या म्हाताऱ्याला पुन्हा इंजेक्शन देणार. साखर किती खाली जाते ते मी दवाखान्यात ऐकलेलं आहे. माणूस आधी घामाघूम होतो, मग बरळतो, मग शुद्ध हरपते. मग परत येईलच असं नाही.

दादाला फोन लावला. वाजत राहिला. तो कामावर असताना फोन मुका करून हत्यारांच्या पिशवीत टाकतो, आणि ती पिशवी घरी आल्यावर दाराशी पडून असते. पुन्हा लावला. पुन्हा लावला. घरच्या फोनवर लावला. तो पंचवीसेक वेळा वाजला. बाबांची खुर्ची त्या फोनला लागून आहे. ते तिथेच बसलेले असणार, फोनकडे बघत, हात मांडीवर ठेवून, कारण मी सांगितलं होतं.

"उचला ना हो!" मी ओरडले. अख्ख्या ऑफिसने वळून बघितलं.

मग मी टिपणातच लिहिलं. 'दादा इंजेक्शन देऊ नकोस, मी दिलंय.' एका ओळीने भागेना, म्हणून तीच ओळ खाली अजून पाच वेळा लिहिली, म्हणजे त्याच्या डोळ्यांत भरेल. आणि पळाले. मीच लावलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पुढची बस चौदा मिनिटांनी होती. चालत वीस मिनिटं, धावत कदाचित बारा. मी धावले. सिग्नलला थांबून फोन बघितला तर दोन वाजले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत सहातल्या पाच ओळी गेल्या. माझीच केरसुणी. कशाला बनवली कोण जाणे ही अवदसा, असं वाटलं. एक ओळ उरली होती, बारीक अक्षरात, आणि ती टॅबलेटवर पोहोचली की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

समोरच्या काकूंना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला, देव त्यांचं भलं करो.

"काकू, आमच्याकडे जा. आत्ता. दादाला सांगा इंजेक्शन देऊ नको."

"अगं पण झालं काय? धापा का टाकतेयस?"

"काकू, आधी जा, मग विचारा!"

त्यांचे गुडघे दुखतात. फोन हातात धरूनच त्या निघाल्या. मला त्यांच्या चपला ऐकू येत होत्या, एक पाय, दुसरा पाय, मग कडीचा आवाज, मग आमची बेल. मी बाजारातून पळत होते, एका माणसाची टोपली उडवली, तो काय बोलला ते बोलला. बेल पुन्हा वाजली. मग दार उघडल्याचा आवाज आणि दादाचा दमलेला आवाज. "काय हो काकू?"

"अरे, ही म्हणते इंजेक्शन देऊ नको बाबांना."

"दिलं की. आत्ताच दिलं, पाच मिनिटं झाली."

मी फोनमध्येच किंचाळले, "दादा, मी पावणेएकला दिलंय! जेवलेत ते! साखरपाणी दे, आधी साखरपाणी दे!"

तिकडे काहीतरी पडलं, दादा आत धावला, आणि काकू म्हणाल्या, "अगं, त्याचा चेहरा पांढराफटक पडलाय. तू ये लवकर."

घरी पोहोचले तेव्हा दादा जमिनीवर गुडघे टेकून बसला होता आणि बाबांच्या ओठांना पेला लावत होता. बाबांचा सदरा घामाने चिकटला होता. हात थरथरत होते. दादाने डॉक्टरीणबाईंना फोन केला होता, अँब्युलन्स निघाली होती. मी बोटाला टोचून साखर बघितली. एकसष्ट. अजून पाणी, अजून साखर. काकू चमच्याने ढवळत होत्या, चमचा पेल्यावर नुसता खणखणत होता. पंधरा मिनिटांनी अठ्ठावन्न.

"खाली चाललीये," दादा म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"पाजत राहा."

"मी दिलं गं. माझ्या हाताने दिलं."

"दादा, गप्प बस आणि पाजत राहा."

बाबांचे डोळे मिटायला लागले की मी त्यांचा गाल थोपटायची आणि विचारायची, "बाबा, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसचा नंबर काय होता? बाबा! सांगा ना." त्यांनी सांगितला. मग अग्निशामक दलाचा सांगितला. मग मुख्य पोस्टाचा, दोन्ही लाइनी. आवाज जड होता, पण आकडे सरळ येत होते. तेवढ्यात अँब्युलन्समधली नर्स आली, तिने हाताला सलाइन लावलं आणि काहीतरी सोडलं. पुढची साखर त्र्याऐंशी. त्याच्या पुढची एकशे दहा. नर्स म्हणाली, औषधाचा जोर उतरेपर्यंत तीन-चार तास मी इथेच बसते. काकूंनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीला टेकून रडल्या.

दादा स्वयंपाकघरातून टॅबलेट घेऊन आला. "मी बघितलं होतं," तो म्हणाला. "नव्हतं लिहिलेलं. हे बघ. तुझी ही ओळ आता दिसतेय, तेव्हा नव्हती." मग तो बाबांकडे न बघता म्हणाला, "बाबा मला सांगत होते. दोनदा सांगितलं, हिने दिलंय म्हणून. मी म्हटलं, बाबा, लिहिलेलं नाहीये. तुम्ही विसरता. तर त्यांनी मुकाट्याने सदरा वर केला."

"वाटाण्यात मीठ नव्हतं," बाबा म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"हेही मी ह्याला सांगितलं. भात होता, वाटाणे होते, मीठ नव्हतं. तो म्हणाला कालचं असेल. मग मलाही वाटलं, असेल कालचं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आजचंच होतं?"

"आजचंच होतं बाबा. मीठ मी विसरले."

"मग मी नव्हतो विसरलो."

"नाही. तुम्हाला सगळं बरोबर आठवत होतं. चूक माझी आहे. ओळ मी पुसली." मी माझं डोकं त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आपण या माणसाचं फोन उचलणं काढून घेतलं, बोलणं काढून घेतलं, आणि वर नीटनेटकेपणा म्हणून मिरवत होतो.

त्यांनी सलाइन नसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. मरता मरता वाचलेला माणूस, पण चेहरा असा खुलला होता की नर्सही हसली.

मी उठून आधी केरसुणी काढून टाकली, टॅबलेटवरून आणि फोनवरून. मग सगळ्या लोकांसाठी मागे घेतली. अकराशे जणांना माफीचा निरोप पाठवला, पुसलेल्या ओळी जुन्या प्रतीतून परत कशा आणायच्या ते लिहिलं. पोहणाऱ्या बाईंना वेगळा पाठवला. मग टॅबलेटवर वरचा नियम पुसायला बोट नेलं.

"थांब," बाबा म्हणाले. "राहू दे तो. लिहिलं नाही तर झालं नाही, म्हणतेस ना?"

"चुकलंच बाबा माझं."

"चुकलं ते जाऊ दे. आता लिही."

"काय लिहू?"

"लिही, बाबांना आठवत होतं."

मी आजच्या तारखेखाली लिहिलं. दादाने टॅबलेट त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा मागवला, ओळ सावकाश वाचली, बोट अक्षरांवरून एकदा फिरवलं. मग म्हणाले, "खाली अजून एकदा लिही."

मी लिहिलं. दोन्ही ओळी अजून तिथेच आहेत.